रोजची ध्यानाची बैठक रीतसर बसवायची आहे : आसन, वेळ, आलंबन (लक्ष कशावर ठेवायचं ते) कसं ठरवावं?

उंबरठा

आनापानाची (येणारा-जाणारा श्वास नुसता जाणण्याची) तोंडओळख आहे, पण बसणं अधूनमधून, जमेल तसं. आता ते रोज आणि एकाच पद्धतीने करायचं आहे. प्रश्न असे:

१) मांडी घालून पंधरा मिनिटं झाली की डावा पाय बधिर होतो. उशी बदलून पाहिली, फरक नाही.
२) सुरुवात किती मिनिटांनी करावी, आणि वाढवावी कधी?
३) श्वास, शरीरभर संवेदना, मेत्ता (सर्वांविषयी मैत्रीभाव), मधेच ‘बुद्धो’चा जप, असं सगळं एकाच बैठकीत होतं. काय ठेवू, काय काढू?
४) पहिली दहा मिनिटं विचारांचा बाजार आणि त्यानंतर थेट पेंग. मधलं काही नाहीच.
५) सुरुवातीला त्रिसरण-पंचशील म्हणण्याने बैठकीत खरंच काही फरक पडतो का?

‘बसत राहा, आपोआप जमेल’ एवढंच लिहायचं असेल तर कृपया राहू द्या. नेमकं सांगा.

सतरंजी

आधी पायाचं बघू. बसणंच जमलं नाही तर बाकीची चर्चा हवेत.

पाय बधिर होतो तो बहुतेक वेळा नस दबल्यामुळे. दाब दोन जागी पडतो. उशीच्या मधोमध बसलं की तिची पुढची कड मांडीच्या मागच्या बाजूत रुतते, ही पहिली जागा. म्हणून उशीच्या पुढच्या एक तृतीयांश भागावरच बसा: बसायची दोन हाडं उशीवर, मांड्या पुढे उतरत्या. दुसरी जागा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली. तिथे बोटाला एक हाडाचा उंचवटा लागतो आणि पायाकडे जाणारी नस त्याला वळसा घालून जाते. एक पाय दुसऱ्यावर चढवला की नेमका तिथे भार येतो. तुमचा दर वेळी डावाच पाय जात असेल तर तो नेहमी खालीच असतो का, ते बघा.

यावर सोपा उपाय म्हणजे बर्मी पद्धतीची मांडी. पाय एकमेकांवर घ्यायचेच नाहीत. एक टाच शरीराजवळ, दुसरा पाय तिच्या पुढे, दोन्ही नडग्या जमिनीला टेकलेल्या. आज डावा आत, उद्या उजवा आत. घोट्याखाली चादरीची एक घडी. अर्धपद्मासन, पद्मासन पुढे कधी जमलं तर ठीक, न जमल्याने काही अडत नाही.

आता उंची. उशी बदलून फरक पडला नाही म्हणता, पण बहुतेक मऊपणाच बदलला असेल. झोपायची उशी इथे उपयोगाची नाही: पाच मिनिटांत ती दबते, ओटीपोट मागे कलतं आणि पाठीला पोक येतो. ब्लँकेटची घट्ट घडी घ्या, साधारण १० ते १५ सेंटीमीटर उंच, आणि असं तपासा: बसा, दोन मिनिटं थांबा, तळहात कमरेवर मागे ठेवा. मणक्याची टोकं हाताला गाठींसारखी लागत असतील तर उंची कमी आहे, आणखी एक घडी घाला. कंबर खोल आत गेली असेल आणि खालच्या बरगड्या पुढे आल्या असतील तर उंची जास्त झाली. कमरेला हलका बाक आणि दोन्ही गुडघे जमिनीवर, असं बसलं म्हणजे झालं. गुडघे अधांतरी राहत असतील तर ते खाली दाबू नका. उशीची उंची वाढवा किंवा गुडघ्याखाली घडी सरकवा. लोंबकळणारा गुडघा अर्ध्या तासात मांडीचा सांधा आणि कंबर दोन्ही धरतो.

बाकी शरीर: हनुवटी किंचित आत, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे, खांदे एकदा वर उचलून सोडून दिलेले. हात मांडीत. थेरवाद परंपरेत उजवा हात डाव्यावर, झेनमध्ये डावा उजव्यावर आणि अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली. झेनची ही मुद्रा नवख्या माणसाने जरूर घ्यावी, कारण अंगठे मनाची खबर देतात. पेंग आली की ते ढासळतात, ताण चढला की एकमेकांना रेटून डोंगर करतात. मनाला कळायच्या आधी बोटांना कळतं.

वज्रासनात मधे उशी किंवा ध्यानाचं छोटं बाकडं घेऊनही उत्तम बसता येतं. खुर्चीही चालते: पाठ टेकवायची नाही, तळपाय पूर्ण जमिनीवर, गुडघे खुब्यांपेक्षा थोडे खाली.

बैठक संपल्यावर पाय बधिर असेल तर ताडकन उठू नका, घोटा मुरगळतो. पाय पसरा आणि जाणीव परत येईपर्यंत थांबा. बधिरपणा बराच वेळ राहत असेल किंवा पाऊल उचलताना जोर लागत नसेल, तर ते आसन बंद आणि डॉक्टरांना दाखवणं. ‘साधनेचा भाग’ वगैरे काही नसतं त्यात.

धान्यमापक

आसनाबद्दल वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी २ आणि ३ घेतो.

एका बैठकीत चार आलंबनं म्हणजे चार विहिरी, प्रत्येकी पाच फूट खोल. मुख्य आलंबन एकच, आणि निदान तीन महिने तेच. बदलावंसं वाटतं ते बहुधा कंटाळ्याच्या दिवशी, आणि कंटाळा कसा असतो हे बघायची संधी नेमकी त्याच दिवशी असते. स. ना. गोएंका यांच्या विपश्यना परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिरातसुद्धा पहिले तीन दिवस फक्त आनापान असतं, मग शरीरभर संवेदनांचं निरीक्षण आणि मेत्ता शेवटी. तिथे जो क्रम दहा दिवसांत पसरलेला आहे, तो तुम्ही अर्ध्या तासात कोंबताय.

माझं मत: श्वास ठेवा. मेत्ता शेवटच्या तीन-चार मिनिटांपुरती. जप सध्या बंद.

मराठी माणसाची इथे एक हमखास चूक होते. आनापान म्हणजे प्राणायाम नव्हे. पूरक, कुंभक, रेचक, मात्रा यातलं काहीही करायचं नाही. आनापानसति सुत्तात (मज्झिम निकाय ११८) सुरुवात अशी आहे: श्वास दीर्घ असेल तर दीर्घ आहे हे जाणणं, ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व आहे हे जाणणं. लांब ‘करा’ असं कुठेही म्हटलेलं नाही. सोळा पायऱ्या आहेत, चार-चारांचे चार गट: काया, वेदना (सुखद-दुःखद जाणीव), चित्त, धम्म. पहिल्या दोन पायऱ्यांना फक्त ‘जाणतो’ हे क्रियापद आहे, ‘शिकतो’ तिसरीपासून सुरू होतं. पहिल्या वर्षी पहिला गट पुष्कळ झाला.

जागा एकच धरा. नाकपुड्यांच्या कडा किंवा वरच्या ओठाचा वरचा भाग, जिथे स्पर्श स्पष्ट असेल तिथे. श्वासामागे छातीत उतरायचं नाही की बाहेर जायचं नाही. विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात यासाठी करवतीची उपमा आहे: लाकूड कापणारा करवतीचे दात जिथे लाकडाला लागतात तिथे बघतो, पुढेमागे जाणाऱ्या दातांकडे बघत बसत नाही. तरी ते येतात-जातात हे त्याला कळत असतं.

मन फार पळत असेल तर मोजणी लावा. तिचे नियम त्याच ग्रंथात दिलेत, आणि ते का दिलेत हे कळलं की पाळावेसे वाटतात. पाचापेक्षा कमी मोजायचं नाही, कारण मन अडचणीच्या गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखं तडफडतं. दहाच्या पुढे जायचं नाही, कारण मग मन श्वास सोडून आकड्याला धरतं. मधेच तोडायचं नाही, कारण मोजणी पूर्ण झाली की नाही याचीच शंका मागे लागते. म्हणजे १ ते ५, मग १ ते ६, असं १ ते १० पर्यंत आणि पुन्हा ५ पासून. किंवा सरळ १ ते १०, पुन्हा १.

मोजण्याची सुरुवातीची गती धान्य मापणाऱ्याची. तो माप भरतो, ओततो आणि पुढचं माप भरेपर्यंत ‘एक, एक’ म्हणत राहतो. तसं संपूर्ण श्वासभर ‘एक’ धरून ठेवायचा, श्वासाच्या शेवटी चिकटवायचा नाही. आकडा चुकला, चौदावर पोचलात किंवा ‘सात’ म्हणताना दुसऱ्याच कुणाशी मनात भांडण चाललं होतं, तर पुन्हा एक. चिडचिड न करता. मोजणीशिवाय पाच-सात मिनिटं श्वास सुटत नाही असं दिसलं की मोजणी सोडून द्या. ती कुबडी आहे, कायमची वापरायची नाही.

वेळेचं सरळ: १५ मिनिटं, रोज, एकाच वेळी. जेवणानंतर किमान दीड तास जाऊ द्या. चौदा दिवसांपैकी बारा दिवस बैठक झाली तर पाच मिनिटं वाढवा, नाही झाली तर तेवढीच ठेवा. ३० मिनिटांवर महिनाभर थांबा, तिथे बहुतेकांची गाडी अडते. मग ४५. एकदा ठरलेली वेळ त्या दिवशी बदलायची नाही: वाईट चाललंय म्हणून आधी उठायचं नाही, आणि छान लागलंय म्हणून वाढवायचंही नाही. दुसरं लोकांना पटत नाही. पण छान लागलं की वाढवण्याची सवय म्हणजे सुखाच्या मागे धावणंच, फक्त डोळे मिटून. घंटा लावा, घड्याळ पाठीमागे ठेवा.

आठचा_ठोका

धान्यमापक यांचं बाकी सगळं मान्य, पण नाकावरच अडून बसायची गरज नाही. ज्यांना नाकापाशी लक्ष ठेवलं की कपाळ आवळतं, डोळे आत ओढल्यासारखे होतात, त्यांनी पोट घ्यावं. बर्मी भिक्खू महासी सयाडॉ यांच्या पद्धतीत पोटाचं वर येणं आणि खाली जाणं हेच मुख्य आलंबन आहे, मनात हलकेच ‘वर’, ‘खाली’ अशी नोंद. विचार आला तर ‘विचार’, आवाज आला तर ‘ऐकणं’, आणि परत पोटावर. नोंद कुजबुजीइतकीच असावी. सगळं लक्ष त्या संवेदनेवर, शब्द नावापुरता. शब्दच मोठा झाला की क्रिकेटचं धावतं समालोचन होतं, ध्यान राहत नाही.

नाक की पोट हे पहिल्या आठवड्यात ठरवा, तीन-तीन दिवस देऊन. मग वाद बंद.

चंक्रमण

प्रश्न ४. आधी बाजार, मग पेंग हा क्रम अगदी नेहमीचा आहे. पाच नीवरणांपैकी (ध्यानातल्या अडथळ्यांपैकी) ही दोन: उद्धच्च-कुक्कुच्च म्हणजे चंचलता आणि रुखरुख, आणि थीन-मिद्ध म्हणजे सुस्ती आणि पेंग. उरलेली कामच्छंद (विषयांची ओढ), व्यापाद (द्वेष) आणि विचिकिच्छा (शंका). ‘ही पद्धत माझ्यासाठी नाहीच बहुतेक’ हा विचार पाचव्यात मोडतो, तोही बैठकीतच येतो आणि तेव्हा अगदी तर्कशुद्ध वाटतो.

दोन्हींना एकच औषध चालत नाही. संयुत्त निकायातल्या अग्गि सुत्तात हे आगीच्या उपमेने सांगितलंय. विझत आलेली छोटी आग पेटवायची आणि तिच्यावर ओलं गवत टाकलं तर ती पेटेल का? म्हणजे मन मंद असेल तेव्हा शांत करणारी बोध्यंगं, म्हणजे बोधीकडे नेणारे गुण (पस्सद्धि म्हणजे शांतता, समाधि, उपेक्खा म्हणजे समभाव) वाढवू नयेत, उचलून धरणारी (धम्मविचय म्हणजे धम्माची छाननी, वीर्य म्हणजे उत्साह, प्रीती म्हणजे आनंद) वाढवावीत. मन उसळत असेल तेव्हा याच्या उलट. स्मृती (सजगता) मात्र दोन्हीकडे चालते.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. चंचल असाल तेव्हा लक्ष खाली आणा: पोट, बैठकीचा भार, गुडघ्यांचा जमिनीला स्पर्श. उच्छ्वासाकडे जास्त लक्ष, सोडताना खांदे सैल. लक्षाची पकड ढिली करा, आवळली तर मन आणखी उसळतं. पेंग येते तेव्हा लक्ष वर आणा: नाक. श्वास आत घेण्याकडे लक्ष, पाठ एक बोटभर वर ताणून, डोळे अर्धे उघडे, नजर समोर साधारण मीटरभर अंतरावर जमिनीवर.

त्यानेही पेंग हटली नाही तर अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी आपल्या प्रमुख शिष्याला, मोग्गल्लानाला दिलेली यादी वापरा. मोग्गल्लान पेंगत बसले होते तेव्हाचा उपदेश आहे, आणि चढत्या क्रमाने आहे: ज्या विचारात असताना पेंग आली त्याकडे लक्ष देऊ नकोस, ऐकलेल्या धम्माचं चिंतन कर, तो सविस्तर मुखाने म्हण, कान ओढ, हातापायांवर हात चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव, चारही दिशांना आणि आकाशातल्या ताऱ्यांकडे बघ, प्रकाशाची जाणीव मनात धर, येरझारा घाल, आणि एवढं करूनही नाहीच गेली, तर उजव्या कुशीवर झोप, पण उठायची वेळ मनात धरून. महामोग्गल्लानासारख्या अग्रश्रावकाला पेंग येत होती, तेव्हा आपण ओशाळं होण्याचं कारण नाही.

पण रोज त्याच मिनिटाला पेंग येत असेल तर आधी झोप मोजा. सहा तासांच्या खाली झोपून पहाटे पाचला बसलात तर थीन-मिद्धाला दोष देऊ नका.

आणि माझा आवडता मुद्दा: बैठकीच्या आधी दहा मिनिटं चंक्रमण, म्हणजे चालण्याचं ध्यान. वीस-पंचवीस पावलांचा सरळ पट्टा, टोकाला थांबायचं, उभं असल्याचं जाणायचं, मग वळायचं. सावकाश, पण इतकंही नाही की तोल जाईल. सुरुवातीला फक्त ‘डावा, उजवा’, नंतर उचलणं, पुढे नेणं, टेकवणं असे तीन भाग. नजर चार-पाच पावलं पुढे. चालण्याचे पाच फायदे सांगितले आहेत (अंगुत्तर निकाय, पंचक निपात), त्यातला शेवटचा आपल्या कामाचा: चंक्रमणातून मिळालेली समाधी जास्त टिकते. त्यात अन्न पचतं हाही एक आहे, ते जेवणानंतर बसणाऱ्यांनी वाचावं.

उंबरठा

पुष्कळ मिळालं, आभार. घडीची उंची तपासली, मणके गाठींसारखे लागत होते. दोन गोष्टी राहिल्या. दुखायला लागलं तर हलायचं की नाही? आणि त्रिसरणाचं कोणीच बोललं नाही.

अधिष्ठान

हलू नये. ठरवलेल्या वेळात आसन मोडायचं नाही असा संकल्प केला की दुखणं हेच वेदनानुपश्यनेचं (वेदना नुसत्या बघण्याचं) आलंबन होतं. बारकाईने पाहिलं तर ते एकसंध नसतं, जळजळ, दाब, ठणका असे तुकडे दिसतात आणि सरकतात. हलण्याची सवय लागली की दर पाच मिनिटांनी काहीतरी दुखतंच.

सतरंजी

@अधिष्ठान, अर्धं बरोबर. अधिष्ठानाच्या (न हलण्याच्या संकल्पाच्या) बैठका गोएंकांच्या शिबिरातही आनापानाचे दिवस झाल्यावर येतात, पहिल्या दिवसापासून नाही. आणि सगळी दुखणी सारखी नसतात. नितंब, मांडी, पाठीचे स्नायू पसरटपणे भाजतात, बैठक संपली की दोनेक मिनिटांत साफ, ते बघत बसा. गुडघ्याच्या सांध्याच्या आत सुई टोचल्यासारखं असेल, किंवा उठल्यावरही तासभर रेंगाळत असेल, तर हला. तिथे स्नायू नाही, अस्थिबंध आणि कूर्चा ताणली जाते आणि ती सहनशक्तीला बधत नाही. मूळ दोष बहुतेक वेळा खुब्यात असतो: तो पुरेसा वळत नाही म्हणून गुडघा पिळतो. उशी उंच करणं किंवा बाकड्यावर जाणं हाच इलाज.

हलायचं तेव्हा रीतीने. हलावंसं वाटलं हे आधी कळू द्या, तीन श्वास थांबा. तरीही गरज असेल तर सावकाश, हालचाल जाणत, एकदाच. परत पहिल्या जागी श्वास.

धान्यमापक

त्रिसरण-पंचशील. फरक पडतो, आणि त्याला गूढ कारण लागत नाही. पाठ असलेले शब्द रोज त्याच क्रमाने म्हटले की ‘आता बसायचं का, थोड्या वेळाने बसायचं’ ही घासाघीस संपते. ‘नमो तस्स’ तीनदा, त्रिसरण, पंचशील, सावकाश म्हणूनही तीन-चार मिनिटांच्या वर जात नाही. शिवाय शीलाचा समाधीशी थेट संबंध आहे: दिवसा खोटं बोललेलं रात्री उशीवर रुखरुख होऊन येतं, ते कुक्कुच्चच. मनात नुसतं गुणगुणू नका, ओठ हलू द्या.

म्हणजे ३० मिनिटांचा आराखडा साधारण असा: वंदन आणि शील ३, शरीर डोक्यापासून पायापर्यंत एकदा सैल करणं २, श्वास २१, मेत्ता ४. घंटा झाल्यावर आणखी काही सेकंद तसंच.

मेत्तेचा क्रमही ठरलेला आहे. आधी स्वतः, मग आदराची व्यक्ती, मग जवळची, मग ना आवडती ना नावडती अशी, शेवटी जिच्याशी वाकडं आहे ती. विसुद्धिमग्ग बजावतो की मृत व्यक्तीवर मेत्ता भावना करू नये आणि जिच्याबद्दल आसक्ती जागू शकते तिच्यापासून सुरुवात करू नये. पहिल्या महिन्यात वैऱ्यापर्यंत जायची घाई नको. चार मिनिटांत स्वतः आणि एक आदराची व्यक्ती पुरे.

चंक्रमण

एक सावधगिरी, मोकळेपणाने लिहितो. सलग काही दिवस झोप उडणं, सगळं खोटं किंवा दूर गेल्यासारखं वाटणं, बसल्यावर धडकी भरणं, जुना आघात वारंवार उसळणं, यापैकी काही झालं तर जास्त बसून ते सुटत नाही. वेळ निम्म्यावर आणा, डोळे उघडे ठेवा, बसण्याऐवजी चाला, आणि अनुभवी शिक्षकाशी आणि डॉक्टरांशी बोला. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर लांबच्या शिबिराआधी दोघांना विचारल्याशिवाय जाऊ नये. औषध मनाने बंद करणं तर नाहीच.

उंबरठा

शेवटचं. मोजणी सोडल्यावर कधी श्वासच सापडत नाही. मग जोरात घेतो, आणि सगळं मोडतं. इथे काय करायचं?

धान्यमापक

जोरात घ्यायचा नाही. श्वास थांबलेला नसतो, बारीक झालेला असतो. विसुद्धिमग्गातला नांगरट्या बैल सुटले म्हणून त्यांच्या मागे रानोमाळ फिरत नाही. दोर आणि पराणी घेऊन ते पाणी प्यायला जिथे येतात त्या जागी जाऊन बसतो. तुमची ती जागा म्हणजे शेवटचा स्पर्श जिथे कळला होता तो ओठ किंवा नाकाची कड. तिथेच लक्ष ठेवून थांबा. दहा-पंधरा सेकंदांत बारीकसा स्पर्श परत लागतो. नाही लागला तर पूर्ण बैठकीचा भार जाणा, पाच-सहा क्षण, आणि पुन्हा तिथेच या.

एक फरक तेवढा ओळखा: श्वास दिसेनासा झाला पण मन लख्ख असेल तर ठीक चाललंय. श्वासही नाही आणि मनही धुरकट, अंगठे ढासळलेले, तर ती पेंग आहे. मग वरची मोग्गल्लानाची यादी, कान ओढण्यापासून.